रक्त देऊनही मुलें कां दगावत?

मुलुंड-घाटकोपरकडील एखाद्या सिंधी, लोहाणा किंवा भानुशाली कुटुंबांत मूल जन्मास येतें, चार-सहा महिने चांगलें वाढतें आणि मग हळूहळू पांढरें पडूं लागतें. पोट फुगतें, दूध नकोसें होतें. हाच थॅलसेमिया. या रोगांत शरीरांत हिमोग्लोबिन नीट तयार होत नाहीं. 1925 मध्यें अमेरिकेंतील डेट्रॉइट येथील डॉ. कूली यांनीं त्याचें वर्णन केलें, तेव्हां अशीं मुलें बहुधा बालपणींच दगावत.

पुढें नियमित रक्त देण्याची सोय झाली. दर दोन-तीन आठवड्यांनीं रक्त चढलें कीं गालांवर लाली येई, मूल शाळेस जाऊं लागे. तरीही तेंच मूल पंधरा-वीस वर्षांचें होतें न होतें तोंच हृदयक्रिया बिघडून जाई. श्रोत्यांस हें चमत्कारिक वाटेल, पण रक्तावांचून येणारा मृत्यु टळला आणि दिलेल्या रक्तानेंच दुसरा ओढवला! एका पिशवींत सुमारें 200 ते 250 मिलिग्रॅम लोह असतें, आणि शरीर दिवसाकाठीं जेमतेम 1 मिलिग्रॅम बाहेर टाकतें. उरलेलें यकृतांत, ग्रंथींत व हृदयाच्या स्नायूंत सांचत जातें.

हें लोह काढणारें डेसफेरिऑक्सामाइन 1960 नंतर आलें खरें. परंतु पोटाच्या कातडीखालीं सुई ठेवून लहानशा पंपानें तें रात्रीं आठ-दहा तास, आठवड्यांतून पांच-सहा वेळां घ्यावें लागे. कोणतें बारा वर्षांचें मूल हें आनंदानें सोशील? शिवाय औषध महाग. 1990 नंतरच्या दशकांत मुंबईच्याच सिप्ला कंपनीनें डेफेरिप्रोन ही तोंडानें घ्यावयाची गोळी आणली, तिचें मोल यांतच आहे. पुढें चुंबकीय चित्रणानें हृदयांतील लोहही मोजतां येऊं लागलें. ब्रिटनमध्यें 1980 ते 1999 या काळांत दर 1,000 रुग्णवर्षांमागें 12.7 मृत्यु होत. 2000 ते 2003 मध्यें ते 4.3 वर आले.

2018 पासून बोरिवलीस महानगरपालिकेच्या केंद्रांत अस्थिमज्जेचें रोपणही होऊं लागलें. जुळणारें सख्खें भावंड असेल, तर रक्ताच्या पिशवींतून मूल कायमचें सुटूं शकतें.

आईबाप दोघेही वाहक असले म्हणजे प्रत्येक गर्भास हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. वाहकास स्वतःस बहुधा कांहींच होत नाहीं. फार तर किंचित् पंडुरोग दिसतो, आणि त्यावर उगाच लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. खरा उलगडा हिमोग्लोबिन ए-2 च्या तपासणीनें होतो. लग्न ठरवितांना पत्रिका मात्र हौसेनें जुळविल्या जातात. ही तपासणी जन्मांत एकदांच करावयाची असते.