हृदय रुजते कसे?

जुलै महिन्यात मुळशी खोऱ्यात गेलात, तर जागोजागी भाताची लावणी चाललेली दिसेल. वाफ्यात वाढवलेली रोपे उपटायची, त्यांच्या मुठी बांधायच्या आणि चिखल केलेल्या खाचरात ती लावायची. जाणत्या शेतकऱ्याला विचारा. नुसत्या लावणाऱ्याच्या हातावर पीक येत नाही, असे तो सांगेल. उपटलेली मूठ किती वेळ उन्हात पडली होती, खाचरात पाणी कसे होते, पुढे रोग पडला का, हे सारे पाहावे लागते. एकाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवण्याला आपण हृदयरोपण म्हणतो. त्यातला ‘रोपण’ हा शब्द लावणीचाच आहे, आणि तो किती नेमका आहे ते आता पाहू.

३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी माणसातले पहिले हृदयरोपण केले. रोगी १८ दिवस जगला आणि न्यूमोनियाने गेला. यानंतर अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या परळ भागातील के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हीच शस्त्रक्रिया केली. असे धाडस करणारे ते जगातील चौथे शल्यविशारद. त्यांचा रोगी सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या प्रयत्नात रोगी चौदा तास जगला.

तुम्ही म्हणाल, टाके नीट बसले नसतील. तसे नव्हे. डॉ. सेन यांनी प्राण्यांवर वर्षानुवर्षे सराव केला होता. शिवाय हृदय जोडण्याची मूळ रीत अमेरिकेत १९६० मध्येच कुत्र्यांवर सिद्ध झाली होती, आणि थोड्या फेरफारांनी तीच आजही वापरतात. रीत तीच, पण आज शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी रोगी वर्षानंतर जिवंत असतात आणि निम्म्याहून अधिक दहा वर्षे ओलांडतात. मग बदलले काय?

पहिली गोष्ट वेळेची. दात्याच्या हृदयाचा रक्तपुरवठा थांबला की घड्याळ सुरू होते. हृदय थंड द्रावात ठेवून बर्फाच्या पेटीतून नेतात, कारण थंडीत पेशींना प्राणवायू कमी लागतो. तरीही साधारण चार तासांच्या आत ते नव्या शरीरात धडधडू लागले पाहिजे. जोडण्यातच तासभर जातो, म्हणजे प्रवासाला उरतात जेमतेम तीन. ३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्यातील एका दात्याचे हृदय सुमारे दीड तासात मुंबईतील मुलुंडला पोचले. रस्त्यावर पोलिसांनी वाट मोकळी ठेवली होती. डॉ. अन्वय मुळे आणि सहकाऱ्यांनी ते एका तरुणाच्या छातीत बसवले. (योगायोग पाहा: बरोबर एकवीस वर्षांपूर्वी, ३ ऑगस्ट १९९४ रोजी, दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयरोपण केले होते.) मुळशी धरणापासून पुणे सुमारे ४० किलोमीटर. पावसाळ्यात या वाटेला किती वेळ लागतो, हे तिथल्या मुलांना सांगायला नको. हृदयाची वाट पाहणारा रोगी म्हणूनच रुग्णालयाच्या आवाक्यात राहतो.

दुसरी गोष्ट खाचराची, म्हणजे घेणाऱ्या शरीराची. हृदय वर्षानुवर्षे दुबळे असले की फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दाब वाढतो. दात्याच्या हृदयाचा उजवा कप्पा मात्र कमी दाबावर रक्त ढकलायला सरावलेला असतो. उथळ विहिरीवरचा पंप अचानक टेकडीवर पाणी चढवायला लावावा, तशी त्याची गत होते. काही तासांतच तो थकतो. आज शस्त्रक्रियेआधी शिरेतून बारीक नळी आत नेऊन हा दाब मोजतात, आणि फार असेल तर रोपण करीतच नाहीत. कोणाला हृदय देऊ नये, हे ठरवणे मला तरी टाके घालण्याहून कठीण वाटते.

तिसरी गोष्ट सर्वांत चिवट. खाचर कधी रोपाला परके मानीत नाही, शरीर मात्र मानते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी नव्या हृदयावर चाल करून जातात. १९६८ मध्ये जगभर शंभरावर रोपणे झाली आणि बहुतेक रोगी थोड्याच काळात दगावल्यामुळे अनेक रुग्णालयांनी ती बंद केली. १९६९ मध्ये नॉर्वेतील एका पठारावरून मातीचा नमुना गोळा केला गेला. त्यातील एका बुरशीपासून पुढे सायक्लोस्पोरिन हे औषध मिळाले. १९८० नंतर ते हृदयरोपणात वापरू लागले आणि चित्र पालटले.

पण ज्या पेशी हृदयावर चालून येतात, त्याच जंतूंशीही लढतात. त्यांना औषधाने आवरले की जंतूंना मोकळे रान मिळते. समजा, असा रोगी मुळशीतल्या आपल्या गावी परतला. त्याने पाणी उकळून प्यावे, घरातल्या सर्दी-तापापासून दूर राहावे, आणि ओल्या मातीत किंवा शेणखतात हात घालणे टाळावे, कारण तिथे बुरशीचे बीजाणू असतात. पपनसाच्या जातीची फळेही वर्ज्य, ती रक्तातील औषधाचे प्रमाण वाढवतात. गोळ्या मात्र जन्मभर, ठरल्या वेळी. ‘आता बरे वाटते’ म्हणून त्या सोडणे हा मोठा धोका. तेव्हा गोळ्या परवडतात का, रुग्णालयापर्यंत एसटी जाते का, घरी आठवण करणारे कोणी आहे का, यांवरही आयुष्य अवलंबून राहते.

आता एक प्रयोग करा. बसून मिनिटभर नाडी मोजा, मग जिना धावत चढून पुन्हा मोजा. ती लगेच वाढलेली आढळेल, कारण मज्जातंतूंनी मेंदूचा निरोप हृदयाला दिला. रोपणात हे तंतू कापले जातात. त्यामुळे अशा रोग्याची नाडी बसल्या जागीही ९० ते ११० असते. घनगडाची चढण लागली, तर ती रक्तातून येणाऱ्या संप्रेरकांनी सावकाश वाढते, आणि थांबल्यावर सावकाशच उतरते. तंतू तुटल्याने आणखी एक होते: हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी छातीत सहसा कळ येत नाही. म्हणून काही दुखत नसले, तरी त्याला ठरावीक काळाने तपासणीला जावेच लागते.