प्रथिनांचा कौल आणि वेळेवरची तपासणी

तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण किती जगेल, हे गाठीतली प्रथिने सांगू शकतील का? पेशींच्या वाढीला लगाम घालणारे पी-५३ आणि विभाजनाचा वेग दाखवणारे केआय-६७ यांवर बरेच संशोधन झाले. पण एका अभ्यासात ठळक दिसलेला संबंध दुसऱ्यात फिका पडतो. म्हणून आजही गाठीची खोली आणि मानेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत झालेला प्रसार हेच भरवशाचे निकष आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, सुरुवातीच्या टप्प्यातील गाठीबरोबरच मानेतल्या ग्रंथीही काढलेल्या रुग्णांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते; ग्रंथींत आजार उमटेपर्यंत थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते.

एकाच टप्प्यातले दोन रुग्ण वेगळ्या वाटेने का जातात, याचे उत्तर हे निकष देत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी प्रथिनांचा शोध चालूच राहायला हवा, तोही तंबाखू-सुपारी खाणाऱ्या आपल्याच रुग्णांमध्ये. मात्र यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावसारख्या तालुक्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याच्या तोंडातला पांढरा चट्टा किंवा तीन आठवड्यांत न भरलेली जखम वेळीच दाखवली गेली, तर आयुष्य आजच वाचते. भाकीत अचूक होण्याची वाट पाहत ही तपासणी लांबवणे परवडणारे नाही.