सोनेगावची मध्यरात्र

भारतातील रात्रीची हवाई टपाल सेवा ३० जानेवारी १९४९ रोजी सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रोज रात्री एकेक विमान निघे. चारही विमानांची गाठ मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर पडे. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि प्रत्येक विमान सकाळपर्यंत आपल्या शहरी परते.

नागपूर निवडले गेले ते भूगोलामुळे. चारही महानगरे तेथून साधारण सातशे ते हजार किलोमीटरवर आहेत. ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेग असलेल्या डाकोटा विमानाला हे अंतर एका रात्रीत जाऊन-येऊन कापता येत असे. चार शहरांना एकमेकांशी थेट जोडायचे तर सहा मार्गांवर रोज बारा फेऱ्या लागल्या असत्या. नागपूरमुळे आठ पुरल्या.

खरी कसोटी जमिनीवर होती. मुंबईच्या विमानातून दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासच्या थैल्या वेगळ्या उतरवायच्या आणि तिन्ही विमानांतून आलेल्या मुंबईच्या थैल्या त्यात चढवायच्या. डाकोटाचे तिसरे चाक शेपटीखाली असल्याने उभ्या विमानाची फरशी नाकाकडे चढती असते आणि दार मागच्या बाजूला. त्यामुळे प्रत्येक थैली चढावरून पुढे न्यावी लागे. वजन मागे साचले तर तोल बिघडे, म्हणून कोणती थैली कुठे ठेवायची हेही जपावे लागे. एक विमान उशिरा आले की उरलेली तीन खोळंबत. ही साखळी रोज रात्री जुळवणाऱ्या हमाल, टपाल कर्मचारी आणि वैमानिकांचे कौतुक करावे तेवढे थोडे.

सेवेमागचा आग्रह दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांचा. १ एप्रिल १९४९ पासून जादा आकार न घेता पत्रे विमानाने पाठवण्याची योजना आली, तेव्हा या सेवेचे मोल आणखी वाढले. एअर इंडियाचे प्रमुख जे. आर. डी. टाटा यांचा मात्र विरोध होता. रात्रीच्या उड्डाणासाठी पुरेशा सोयी नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते.

अडचणी लवकरच आल्या. सेवा सुरू करणाऱ्या इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सला काही महिन्यांतच ती थांबवावी लागली. ऑक्टोबर १९४९ मध्ये हिमालयन एव्हिएशनने ती पुन्हा उभी केली. १९५३ मधील विमान कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणानंतर ती इंडियन एअरलाइन्सकडे आली. त्याच वर्षी १२ डिसेंबरला प्रवाशांनाही घेऊन नागपूरहून उडालेले या सेवेचे डाकोटा काही क्षणांतच कोसळले. कामगार नेते हरिहरनाथ शास्त्री मृतांमध्ये होते. रात्रीच्या सोयीची किंमत माणसांनी मोजली, हे विसरता येत नाही.

वेगवान विमाने आल्यावर नागपूरच्या थांब्याची निकड ओसरली आणि १९७० च्या दशकात सेवा संपली. पद्धत मात्र टिकली. १९७३ मध्ये अमेरिकेत फेडरल एक्स्प्रेस या कुरिअर कंपनीने मेंफिस येथे तशीच मध्यरात्रीची अदलाबदल सुरू केली. मुंबईत जन्मलेल्या ब्लू डार्ट या कुरिअर कंपनीच्या ब्लू डार्ट एव्हिएशन या उपकंपनीने १९९६ पासून भारतात स्वतःच्या मालवाहू विमानांची रात्रीची सेवा उभारली. नागपूरच्या विमानतळालगतचा मिहान हा मालवाहतूक केंद्राचा प्रकल्प आणि वर्धा जिल्ह्यातील सिंदी रेल्वे येथील ड्राय पोर्ट (जमिनीवरील मालबंदर) यांची आखणीही नागपूरच्या याच मध्यवर्ती स्थानाच्या भरवशावर झाली. पण मध्यवर्ती स्थान ही केवळ अनुकूलता आहे. वेळ पाळणारी विमाने, पुरेसा माल आणि तो हाताळणारी सुरक्षित यंत्रणा यांवाचून केंद्र चालत नाही, हे सोनेगावच्या अनुभवातून दिसते.