सर्व वाहनांस जीपीएसची सक्ती असावी काय?

कनेरगाव नाक्यावर पूर्वी निजामी मुलूख संपून वऱ्हाड लागे. शिवेवर करोडगिरीचा शिपाई गाडी अडवी, महसूल घेई व सोडून देई. पुढे ती कोठे गेली, याच्याशी त्यास कर्तव्य नसे. हल्लीचे जीपीएस यंत्र उपग्रहांवरून गाडीचे ठिकाण ओळखून ते क्षणोक्षणी कळविते. १ जानेवारी २०१९ पासून नोंदविल्या जाणाऱ्या भाड्याच्या प्रवासी वाहनांस, तीनचाकी वगळून, केंद्र सरकारने ते आवश्यक केले; वाळू, मुरूम वाहणाऱ्या गाड्यांसही आपल्या राज्यात अशीच अट आहे.

ही अट आम्हांस योग्य वाटते. महसुलाच्या नोकरीत एकाच पावतीवर रात्रीतून चार खेपा झालेल्या आम्ही पाहिल्या आहेत. दप्तरी खेप एकच! नदीची वाळू गेली म्हणजे काठच्या विहिरी आटतात, हे वाचकांस सांगावयास नको.

परंतु शेतकऱ्याचा ट्रॅक्टर हळद घेऊन हिंगोलीस जातो, मोटारसायकल सोयऱ्याकडे वा वकिलाकडे जाते. त्यांचा रोजनामा सरकारी कचेरीत कशास? खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरविलेच आहे. चोरीच्या भयाने धन्याने स्वखुशीने यंत्र बसविल्यास आमची हरकत नाही. मात्र नोंद त्याच्याच हाती असावी, व पोलिसांस ती हवी असल्यास त्यांनी कारण दाखवून लेखी मागावी.