प्रांताची जागा, गुणांची जागा

कर्लिंगमधली मिश्र दुहेरी म्हणजे एक स्त्री आणि एक पुरुष, एवढाच संघ. चौघांच्या नेहमीच्या संघात एक जण दगड सोडतो, दोघे झाडू घेऊन त्याच्यापुढे धावतात आणि कर्णधार पलीकडच्या टोकाला उभा राहून दिशा दाखवतो. दुहेरीत ही सगळी कामं दोघांनीच उरकायची असतात. कितीदा तर दगड सोडणाराच चटकन उठतो आणि आपल्याच दगडापुढे झाडू मारत पळतो. सामना आठ एंडांचा, म्हणजे आठ डावांचा, असतो. दर एंडमध्ये प्रत्येक जोडी पाच दगड सोडते, कारण दोन्ही जोड्यांचा एकेक दगड आधीच बर्फावर मांडलेला असतो. पहिल्या तीन दगडांनी कुणाचाही दगड खेळाबाहेर घालवायचा नाही, असा नियम आहे. त्यामुळे बर्फावरच्या लक्ष्याच्या वर्तुळांत दगडांची दाटी होते आणि एका एंडमध्ये तीन-चार गुण सहज फिरतात. पात्रतेची पद्धत समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ज्या खेळात चांगली जोडीही एखाद्या वाईट एंडमुळे हरू शकते, तिथे एका पराभवावर घरी पाठवणं अन्यायाचं ठरतं.

कॅनडाचं उदाहरण घेऊ. तिथे राष्ट्रीय मिश्र दुहेरी स्पर्धा २०१३ साली अल्बर्टातल्या लेडकमध्ये सुरू झाली. २०१८च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये या प्रकाराचा समावेश झाल्यावर तिचं वजन एकदम वाढलं. या स्पर्धेत शिरायला दोन दारं आहेत.

पहिलं दार प्रांताचं. ‘कर्लिंग कॅनडा’ या राष्ट्रीय संघटनेच्या छत्राखाली चौदा प्रादेशिक संघटना आहेत आणि प्रत्येकीची विजेती जोडी राष्ट्रीय स्पर्धेत जाते. प्रांत दहा आणि उत्तरेकडचे प्रदेश तीन, मग चौदावी कोण? ती नॉर्दर्न ओंटारिओ. सडबरी, थंडर बे ही शहरं ओंटारिओ प्रांतातलीच, पण कर्लिंगमध्ये त्यांचा संघ स्वतंत्र. रणजी करंडकात आपल्या एका राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ उतरतात, तसंच हे. नकाशावरच्या सीमा एकीकडे आणि खेळाचा इतिहास दुसरीकडे.

प्रांतिक विजेता ठरवण्याची रीत सगळीकडे एकच नाही. जोड्या थोड्या असतील तर सरळ साखळी सामने होतात. जास्त असतील तर आधी गट पाडून साखळी आणि मग बाद फेरी. कॅनडात मुरलेली आणखी एक पद्धत आहे, ती मला सगळ्यांत न्याय्य वाटते: तीन पराभवांनंतर बाद होण्याची. सगळ्या जोड्या ‘ए’ गटातून सुरुवात करतात. हरलेली जोडी ‘बी’मध्ये उतरते, तिथे हरली तर ‘सी’मध्ये, आणि तिथेही हरली की तिची स्पर्धा संपली. तिन्ही गटांतून ठरावीक जोड्या अंतिम टप्प्यात पोचतात. शनिवारी सकाळी घसरलेली जोडी रविवारी ‘सी’च्या वाटेनं पुन्हा विजेतेपदाच्या लढतीत येऊ शकते. मात्र या लांबच्या वाटेनं येणाऱ्याला सामने जास्त खेळावे लागतात. वीस किलोच्या आसपासचे दगड सोडायचे आणि त्यांच्यापुढे झाडूही मारायचा, तोही दोघांनीच, म्हटल्यावर दमछाक किती होत असेल!

साखळीत बरोबरी झाली तर एक छोटी पण निर्णायक गोष्ट पुढे येते. प्रत्येक सामन्याआधी जोडीतले दोघंही वर्तुळांच्या मध्याकडे एकेक दगड सोडतात आणि मध्यापासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजलं जातं. दगड वर्तुळांत थांबलाच नाही तर १९९.६ सेंटिमीटर नावावर लागतात. त्या सामन्यात आधी मांडायच्या दगडांची जागा निवडण्याचा हक्क कुणाला, हे यावरून ठरतंच. शिवाय आपसातल्या निकालांनीही बरोबरी सुटली नाही, तर अशा दगडांची सरासरी पाहिली जाते. सामना सुरू होण्याआधीच्या त्या दोन दगडांना अनुभवी खेळाडू इतकं जपतात ते यासाठीच.

दुसरं दार गुणांचं. हंगामभर ठिकठिकाणी होणाऱ्या दुहेरी स्पर्धांमधून जोड्यांना मानांकनाचे गुण मिळतात. स्पर्धेत किती जोड्या उतरल्या आणि त्या किती ताकदीच्या होत्या, यावर गुणांचं मोल ठरतं. प्रांतातून आलेल्या जोड्या वगळून मानांकनातल्या वरच्या जोड्यांनी उरलेल्या जागा भरतात.

हे दार कशाला, असं वाटणं स्वाभाविक आहे. मॅनिटोबा किंवा अल्बर्टासारख्या प्रांतात जागतिक तोडीच्या जोड्या एकाहून अधिक असतात आणि प्रांताच्या दारातून आत जाते एकच. त्याहून मोठी अडचण वेळेची. दुहेरीतले बरेचसे नामवंत खेळाडू चौघांच्या संघातही खेळतात. जानेवारी ते मार्च हा त्यांच्या प्रांतिक आणि राष्ट्रीय स्पर्धांचा काळ, आणि दुहेरीची प्रांतिक फेरी त्यातच कुठेतरी बसवायची. शिवाय जोडीतले दोघं वेगवेगळ्या प्रांतांतले असू शकतात. २०२१ साली कॅल्गरीत राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या जोडीत केरी आयनारसन मॅनिटोबाची, तर ब्रॅड गुशू पार पूर्वेच्या न्यूफाउंडलंडचा. अशी जोडी एका प्रांताच्या चौकटीत बसत नाही. तिला गुणांचंच दार हवं.

पण म्हणून प्रांताचं दार अरुंद करावं, असं मला मुळीच वाटत नाही. नुनावुट किंवा युकॉनमधली जोडी मोजक्या लोकवस्तीतून येते. हंगामभर दक्षिणेत विमानानं जाऊन गुण कमावणं तिला परवडणारं नाही. तिच्यासाठी प्रदेशाची राखीव जागा हाच रस्ता आहे, आणि देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंसमोर आठवडाभर उभं राहण्याची संधीसुद्धा.

२०२३ साली सडबरीत झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत या दोन्ही दारांतून आलेल्या ३२ जोड्या होत्या, आठ-आठ जोड्यांचे चार गट करून. म्हणजे प्रत्येकीला गटातले सात सामने नक्की. तिथे जेनिफर जोन्स आणि ब्रेंट लेंग हे दांपत्य जिंकलं. पुढच्या वर्षी फ्रेडरिक्टनमध्ये मॅनिटोबाच्या कॅड्रियाना आणि कोल्टन लॉट यांनी बाजी मारली. २०२१च्या अंतिम सामन्यात आयनारसन-गुशूकडून हरलेली जोडी हीच.

राष्ट्रीय विजेती जोडी एरवी जागतिक स्पर्धेत देशाचं नाव लावून खेळते. ऑलिंपिकचं गणित मात्र वेगळं. त्यासाठी कॅनडा निराळी निवड स्पर्धा घेतो. २०२६च्या ऑलिंपिकसाठीची ही स्पर्धा नोव्हा स्कोशियातल्या लिव्हरपूल गावात २०२४च्या अखेरीस सुरू झाली आणि जानेवारी २०२५मध्ये जोसलिन पीटरमन आणि ब्रेट गॅलंट या पतिपत्नींनी ती जिंकली. त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेतही कॅनडाकडून तेच दोघं उतरले, कारण ऑलिंपिकमधली देशाची जागा जागतिक स्पर्धेतल्या कामगिरीवरच मिळवायची होती.