यॉर्क या स्थलनामाची व्युत्पत्ति

स्थलनामाचा अर्थ आजच्या उच्चारावरून लावूं नये, याचें उत्तम उदाहरण इंग्लंडांतील यॉर्क हें नगर होय. याचें रोमन नांव एबोराकुम्. तें मूळ केल्टिक असून त्यांत बहुधा यू नामक वृक्षाचा निर्देश आहे. आंग्ल लोकांनीं त्या अपरिचित नांवाचें 'एओफोर्विक' केलें. त्यांच्या भाषेंत एओफोर म्हणजे रानडुक्कर व विक म्हणजे वसाहत. इ. स. ८६६ मध्यें डेन लोकांनीं नगर जिंकल्यावर 'योर्वीक' हें रूप रूढ झालें. त्याचाच संक्षेप यॉर्क. सारांश, केवळ ध्वनिसाम्यानें वृक्षाचा वराह झाला. म्हणून जुन्या कागदांची नक्कल करितांना संग्राहकांनीं स्थलनामें 'शुद्ध' करूं नयेत. अशुद्ध भासणारें रूपच पुष्कळदां मुळाची एकमेव साक्ष असतें.