बोलणारा संगणक मुका का होतो?

पडद्यावरचा मजकूर अंध व्यक्तीला वाचून दाखवणारी ‘जॉज’ ही आज्ञावली अनेक प्रोग्रॅमसाठी स्वतंत्र सूचनांची फाइल, म्हणजे स्क्रिप्ट, वापरते. फाइलचे नाव प्रोग्रॅमच्या नावावरून ठरते. त्याच नावाची आपली फाइल वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये आली, की जॉज तीच उचलते. मूळ फाइल बाजूला पडते. मग कालपर्यंत बोलणारे एखादे बटण मुके होते. डोळस माणसाला ते दिसते तरी. अंध व्यक्तीपुरते ते नाहीसेच होते!

दोष कसा शोधावा? ‘इन्सर्ट’ व ‘क्यू’ एकत्र दाबून कोणती स्क्रिप्ट चालू आहे ते ऐकावे. आपली फाइल तात्पुरती हलवावी. आवाज परतला, तर दोष तिच्यातच. प्रयोगशाळेतही आपण एका वेळी एकच घटक बदलतो ना? मग मूळ सूचना आपल्या फाइलमध्ये सामावून घ्याव्यात.